परसातले माळवे उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे कसे?

दुधनाकाठ
सेलूला आमच्या घरामागे दीड-दोन गुंठे मोकळी जागा आहे आणि तेथे मी भाजीपाला लावतो. दरवर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत गवार, भेंडी, दोडकी, वांगी, टोमॅटो इतके निघतात की शेजारीपाजारी वाटूनही उरतात. होळी झाली की बोअरचे पाणी खाली जाते आणि चैत्र-वैशाखात भाजीला काय करायचे, हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो. परसबागेविषयीचे बहुतेक सल्ले बारमाही पाणी गृहीत धरून लिहिलेले असतात, त्यामुळे ते आपल्याकडे फाल्गुनानंतर निरुपयोगी ठरतात.

उन्हाळ्यात बाग हिरवी ठेवण्याची धडपड करण्यापेक्षा पाणी आहे तोवर भरपूर पिकवावे आणि तेच टिकवून उन्हाळ्यात खावे, असे माझे मत होत चालले आहे. म्हणजे बी पेरतानाच टिकवण्याचा विचार करावा. जे वाळते, मुरते किंवा नुसते साठवता येते ते जास्त लावावे आणि बाकीचे घरापुरते. कोणत्या भाज्या वाळवल्यानंतर खरोखर खाण्याजोग्या राहतात, टोमॅटोचा रस आटवून बाटल्यांत भरणे कितपत सुरक्षित आहे, आणि या साऱ्या उद्योगात अर्थ आहे का, हे मराठवाड्यातील सभासदांकडून जाणून घ्यायचे आहे. शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात एकमत नाही, म्हणून तो मुद्दाम विचारतो.

मन्याडकाठची
कंधारकडे आमच्या सासरी गवार वाळवण्याची पद्धत अजून चालू आहे. कोवळ्या पण भरलेल्या शेंगा घ्याव्यात, फार निबर झालेल्या घेऊ नयेत, कारण वाळल्यावर त्यांचे दोर दातांत अडकतात. शेंगांची देठे आणि शिरा काढून त्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवायच्या, लगेच गार पाण्यात काढायच्या, निथळून सुती कापडावर पसरायच्या. शेंग मोडल्यावर कडकन आवाज आला की झाले. वाकली तर आणखी एक ऊन द्यायचे. कारल्याच्या चकत्यांना हळद-मीठ लावून पिळून वाळवतो आणि आयत्या वेळी तळतो. भेंडी मात्र न उकळता, आडव्या चकत्या करून थेट उन्हात टाकावी, नाही तर तिचा नुसता चिकटा होतो.

बिंदुसरा
विरोधी मत नोंदवतो. बीडच्या मंडईत बाराही महिने भाजी मिळते. उन्हाळ्यात महाग मिळते, एवढेच. ज्या पिढीने 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, तिला वाळलेल्या शेंगांचे अप्रूप असण्याचे कारण नाही. त्या काळी ती गरज होती. आज गॅस, मीठ, तेल आणि घरातील बायकांचे श्रम यांचा हिशेब मांडला तर वाळलेली गवार ताज्या गवारीपेक्षा महाग पडेल. घरातील बायकांचे श्रम हे शब्द कृपया पुन्हा एकदा वाचावेत, कारण अशा धाग्यांवर पिकवणारा पुरुष असतो आणि निवडणारी, चिरणारी, उन्हात हलवणारी दुसरीच कोणी असते.

दुधनाकाठ
बिंदुसरा, घरातील मतभेद नेमका हाच आहे. आपण आमच्या सौभाग्यवतींशी बोलला आहात काय?

माळवदकर
मन्याडकाठची ताईंनी सांगितलेल्या कृतीत मला जागेचा मुद्दा जोडायचा आहे, कारण वाळवणाचे अर्धे यश जागेवर ठरते. आमचे औसा तालुक्यातील जुने घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते आणि पापड-कुरडयांपासून मिरच्या-सांडग्यांपर्यंत सारे वाळवण माळवदावरच होत असे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरचे मातीचे ओझे हेच माणसांच्या जिवावर बेतले, आणि त्यानंतर आमच्याकडे माळवदाची घरे जवळजवळ संपली. पुनर्वसित गावांत घराभोवती मोकळी जागा मिळाली, तिच्यावर अनेकांनी शेवगा, लिंबू, वांगी लावली. मात्र वाळवण स्लॅबवर किंवा पत्र्यावर गेले.

मातीचे माळवद सिमेंटच्या स्लॅबइतके तापत नसे. आता लोक एप्रिलमध्ये भाजी थेट तापलेल्या स्लॅबवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून टाकतात. त्यामुळे फोडीची वरची साल पटकन कडक होते, आतला ओलावा आत कोंडतो, आणि वरून खडखडीत दिसणाऱ्या फोडीला पावसाळ्यात डब्यात बुरशी येते. खाट टाकावी, खाटेवर सुती कापड, त्यावर एकेरी थर आणि वरून जुनी मलमलीची साडी. खालूनही वारा लागला पाहिजे. मेथी, कोथिंबीर, पुदिना या पाल्यांना तर उन्हात नेऊच नये. सावलीत, वाहत्या हवेत वाळवले तरच रंग, वास आणि जीवनसत्त्वे बऱ्यापैकी राहतात. आपल्याकडे माघ-फाल्गुनात हवा इतकी कोरडी असते की मेथी दोन-तीन दिवसांत घरातच चुरचुरीत होते. एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो: पालेभाजीत 85 ते 90 टक्के पाणीच असते, त्यामुळे दहा किलो मेथीतून जेमतेम सव्वा किलो हाती येते आणि घरात कोणी तरी विचारते की बाकीची गेली कुठे.

सामूमापक
दुधनाकाठ यांच्या टोमॅटोच्या प्रश्नाला उत्तर देतो. अन्नप्रक्रिया हा माझा अनेक वर्षांचा अध्यापनाचा विषय होता, त्यामुळे थोडे लांबेल.

हवाबंद बाटलीतील सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीचा नसून क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचा आहे. त्याचे बीजाणू मातीत असतात, साध्या उकळीच्या तापमानाला मरत नाहीत आणि हवा नसलेल्या, कमी आंबट जागेत वाढून अतिशय जहाल विष तयार करतात. अन्नाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; जितका कमी तितके अन्न आंबट) 4.6 पेक्षा कमी असेल तर ते वाढत नाहीत. टोमॅटो नेमका या सीमेवर असतो. काही वाणांचा आणि फार पिकलेल्या फळांचा सामू 4.6 च्या वरही जातो. म्हणून रस आटवल्यानंतर अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा पाव लहान चमचा सायट्रिक ॲसिड घालणे ही आवश्यकता आहे, चवीची बाब नव्हे. हवाबंद साठवणासाठी बनवलेल्या काचेच्या बरण्या आणि नवी झाकणे वापरावीत, वर बोटभर जागा सोडावी, आणि झाकण लावल्यानंतर त्या पाण्यात पूर्ण बुडवून उकळी फुटल्यापासून पाऊण तास ठेवाव्यात. सॉसच्या रिकाम्या बाटल्यांत गरम रस ओतून बूच लावणे याला टिकवणे म्हणत नाहीत.

गवार, मटार, मक्याचे दाणे, पालक या भाज्या आंबट नसल्यामुळे त्या पाण्यात घालून घरी हवाबंद करू नयेत. त्यांच्यासाठी दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअस तापमान ठरावीक वेळ टिकवावे लागते आणि आपला स्वयंपाकाचा कुकर त्या कामासाठी तपासलेला नसतो. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून महिनोन् महिने बाहेर ठेवण्याची जी टूम निघाली आहे, तीही याच कारणाने टाळावी.

खडकपूर्णा
माझी आजी लोणची दोन-दोन वर्षे ठेवत असे आणि तिला सामू हा शब्द माहीत नव्हता. आपण लोकांना घाबरवत आहात.

सामूमापक
खडकपूर्णा, आपल्या आजींचे लोणचे टिकत होते, ते मी सांगितलेल्या नियमानेच टिकत होते. कैरी आणि लिंबू मुळात आंबट, त्यात वजनाच्या पंधरा-वीस टक्के मीठ आणि वर तेलाचा थर, इतक्या तिहेरी बंदोबस्तात जिवाणूंना जागा राहत नाही. हल्ली रक्तदाबामुळे लोणच्यातील मीठ निम्मे केले जाते आणि बरणी मात्र पूर्वीप्रमाणे फडताळात ठेवली जाते. तेथे खरा घोटाळा होतो. मीठ कमी केले तर लोणचे फ्रिजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे.

खडकपूर्णा
आजीच्या बरणीला आंघोळ न करता कोणी हात लावत नसे, हेही जोडून घ्यावे. आता त्यामागचे शास्त्र कळले.

जलदूत२०१६
लातूरहून लिहितो. सभासदनाम कशावरून घेतले, हे येथे कोणाला सांगायला नको. 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आले ते वर्ष ज्यांनी पाहिले, त्यांच्या घरात परसबाग हा विषय काढला तर पहिला प्रश्न पाण्याचाच येतो, आणि तो रास्त आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असताना वांग्यांना पिण्याचे पाणी घालणे मला पटत नाही. म्हणून दुधनाकाठ यांच्या मूळ भूमिकेशी मी पूर्ण सहमत आहे; पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर जेवढे पिकेल तेवढे पिकवावे आणि थांबावे.

तरीही वेलवर्गाची दोन-चार आळी उन्हाळ्यात जगवायची असतील तर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, तोंडावर झाकण ठेवावे आणि भोवती दोडका किंवा काकडी लावावी. भोवतालची माती कोरडी होईल तसे मडके पाझरते आणि पाणी वरून उडून जात नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्याने मडक्याची छिद्रे क्षाराने बुजतात, म्हणून मधूनमधून ते काढून घासावे किंवा बदलावे. सोयाबीनच्या भुसाचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन आणि वर पन्नास टक्क्यांचे शेडनेट असेल तर 42-43 अंशांतही झाड तग धरते, परंतु फुले गळतात. टोमॅटोला मे महिन्यात फळ धरत नाही म्हणून खते घालत बसू नये. रात्रीही हवा तापलेली असली की परागीभवनच नीट होत नाही.

बिंदुसरा
सांडपाणी वापरल्यास पाण्याचा प्रश्न सुटतो असे अनेक जण सांगतात.

जलदूत२०१६
निम्मा सुटतो. भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी कशालाही चालते. कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात सोडियम असतो आणि आपली काळी माती आधीच चिकण, विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट). असे पाणी सतत गेले की ती घट्ट होऊन पाणी मुरू देत नाही. ते पाणी शेवग्याला किंवा केळीला, तेही अदलून बदलून द्यावे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मेथी, मुळा यांच्यापासून ते दूर ठेवावे.

तुराटी
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण काळ्या मातीचा उल्लेख झाला म्हणून विचारते. मिरचीची आणि भेंडीची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेणखत भरपूर आहे.

माळवदकर
कोवळ्या पानांवर तसे दिसत असेल तर बहुधा लोह कमी पडत आहे. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, मात्र झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातील लोहाची फवारणी करावी आणि पाणी तुंबू देऊ नये. भारी जमिनीत पावसाळ्यात गादीवाफाच हवा. भेंडीच्या बाबतीत उलट, म्हणजे शिराच पिवळ्या आणि मधले पान हिरवे असे असेल, तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा आहे. तेव्हा झाड उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही.

तुराटी
भेंडीचा केवडाच निघाला. उपटली. मिरचीवर फवारणी करून कळवते.

सामूमापक
पुढच्या वर्षी परभणी क्रांती लावून पाहावी. केवड्याला दाद न देणारा भेंडीचा वाण म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण देशभर गेला. इतक्या वर्षांनी ती प्रतिकारशक्ती सर्वत्र पूर्वीइतकी राहिलेली नाही, तरीही तो संकरित नसल्यामुळे त्याचे बी घरी धरता येते, हा परसबागेसाठी मोठा फायदा आहे. दोन वाणांच्या भेंड्या शेजारी लावल्या तर मधमाश्यांमुळे थोडीफार सरमिसळ होते, तेवढे लक्षात ठेवावे.

मन्याडकाठची
बी धरणे हेही टिकवणेच आहे आणि त्याला गॅस लागत नाही. दोडका आणि दुधी वेलावरच वाळू द्यावेत आणि अख्खेच आढ्याला टांगावेत. बी आत सुरक्षित राहते. चवळी, वाल, गवार यांचे बी राखेत मिसळून ठेवल्यास भुंगा लागत नाही. कांद्याचे बी मात्र वर्षभरातच जुने होते, त्याचा साठा करू नये.

खडकपूर्णा
आमच्याकडे टिकवण्याचा प्रश्न येतच नाही, कारण वानरे ताजेच संपवतात. त्यांना वाळवणही आवडते, हे गेल्या उन्हाळ्यात सिद्ध झाले.

तुराटी
इतक्या चर्चेत अंबाडीचे नाव कोणी कसे घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. दुधनाकाठ दादांनी जी कसोटी लावली आहे तिला अंबाडीइतके उतरणारे दुसरे पीक मला माहीत नाही. मृगाच्या पावसावर पेरली की पाणी मागत नाही, किडीचा त्रास जवळजवळ नाही, कुंपणाकडेला कोठेही येते. पावसाळाभर पाला खुडून ज्वारीच्या कण्या घातलेली भाजी होते, वरून लसणाची फोडणी आणि सोबत भाकरी. पाला सावलीत वाळवून चुरून ठेवला तर उन्हाळ्यात डाळीत चिंचेची गरज पडत नाही. लाल अंबाडी लावली असेल तर दिवाळीच्या आगेमागे बोंडांवरच्या मांसल लाल पाकळ्या सोलून वाळवाव्यात. त्यांची चटणी आणि सरबत दोन्ही उत्तम होतात. शिवाय त्या इतक्या आंबट असतात की सामूमापक सरांनाही हरकत घेता येणार नाही.

लाल भोपळाही असाच. पूर्ण पिकलेला, देठासकट काढलेला, साल न खरचटलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने काहीही न करता राहतो. फळे एकमेकांवर रचू नयेत आणि जमिनीवर न ठेवता गवतावर ठेवावीत. बिंदुसरा यांनी श्रमाचा जो मुद्दा मांडला आहे तो मला शंभर टक्के मान्य आहे, आणि म्हणूनच ज्यांना कमी हात लावावा लागतो अशी पिके आधी निवडावीत.

सामूमापक
अंबाडीला हरकत नाही.

बिंदुसरा
अंबाडी आणि भोपळा मान्य करतो. मात्र बाकीच्यासाठी डीप फ्रीजर का नको, हे कोणी सांगितले नाही. मटार, तुरीचे ओले दाणे आणि टोमॅटोचा रस गोठवला की चव ताज्यासारखी राहते आणि उन्हात कोणाला बसावे लागत नाही.

मन्याडकाठची
चवीबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. मटार आणि तुरीचे दाणे मी स्वतः गोठवते. वाळवून ते दगड होतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वादळ झाले की वीज कधी रात्रभर, कधी दोन दिवस येत नाही, तेव्हा सारा साठा एकदम वितळतो. म्हणून सगळे एकाच ठिकाणी ठेवत नाही. मजुरीचा हिशेब मांडलात तर विजेचाही मांडावा लागेल.

दुधनाकाठ
आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून यंदाचे नियोजन असे धरतो आहे. मृगात गवार, अंबाडी, भोपळा आणि थोडी भेंडी. गवारीचा बहर ओसरण्याआधी, पाऊस परतल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात तिचे वाळवण. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे ऑगस्टमध्ये लावायची, म्हणजे मुख्य तोडा वेळा अमावस्येपासून (मार्गशीर्ष अमावस्या) माघापर्यंत येईल. मेथी थंडीत. होळीनंतर शेवगा, लिंबू आणि कढीपत्ता एवढ्यांनाच पाणी. वांग्याविषयी मात्र कोणी काहीच लिहिले नाही, आणि आमच्याकडे तेच सर्वांत जास्त उरते. ते वाळवतात का?

माळवदकर
वाळवतात. कीड नसलेली, बी कोवळे असलेली वांगी घ्यावीत आणि देठाजवळ न तोडता चार फाका कराव्यात, म्हणजे दोरीवर टांगता येतात. चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाकावीत, नाही तर काळी पडतात; उकळत्या पाण्यातून तीन-चार मिनिटे काढून मगच वाळवावीत. हे काम माघात करावे. ऑक्टोबरमध्ये दिवसा ऊन असले तरी रात्रीचे दव पडते, आणि मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारांचा भरवसा नसतो. चव ताज्या वांग्याची नसते, हे मान्य करून शिजवावे. कोमट पाण्यात भिजवून, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ) घालून रस्सा केला तर पानात उरत नाहीत. मिरच्या वाळवताना जमिनीवर, ओलसर जागी ढीग करू नये. बुरशी आलेली मिरची पुसून किंवा पुन्हा वाळवून वापरणे धोक्याचे आहे, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही. अशी मिरची सरळ फेकावी.

तुराटी
डब्यात भरताना ओलावा राहिला आहे की नाही हे हाताला नेमके कळत नाही. त्याची काही खात्रीची रीत आहे का? माझी कारली दरवर्षी श्रावणात मऊ पडतात.

सामूमापक
आहे, आणि ती सोपी आहे. वाळवण पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरावे आणि आठवडाभर बरणी सावलीत ठेवून रोज एकदा हलवावी. काही तुकड्यांत जास्त, काही तुकड्यांत कमी ओलावा असतो. तो या काळात सर्वांत सारखा होतो. काचेवर आतून दमटपणा दिसला किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर सगळे पुन्हा उन्हात घालावे. आठवडाभर काच कोरडी राहिली तरच घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरावे. मोठा एकच डबा भरू नये, कारण पावसाळ्यात प्रत्येक वेळी तो उघडला की दमट हवा आत जाते. आपली कारली श्रावणातच मऊ पडतात, त्याचे कारण बहुधा हेच आहे. मऊ पडलेली पण वास आणि रंग न बदललेली कारली पुन्हा एक ऊन देऊन वापरता येतील.

तुराटी
आमचा डबा पाच किलोचा आहे. लहान डबे आणते.

बिंदुसरा
आणि ते धुऊन, पुसून, वाळवून ठेवणार कोण, हेही लिहावे.

दुधनाकाठ
डबे माझ्याकडे लागले आहेत. घरात तसे ठरले आहे: मी पेरणार, तोडणार, चिरणार आणि डबे धुणार, वाळवण किती करायचे ते सौभाग्यवती ठरवणार. त्यांनी पहिल्याच बैठकीत गवारीचा एक वाफा कमी केला आणि त्या जागी लाल अंबाडी घातली. तुराटी ताई, लाल अंबाडीचे घरचे बी असल्यास संपर्क साधावा.